‘येतो’ या शब्दाची चौकशी

हरलेल्या सामन्यानंतर माणसाने हात धुवायला थांबू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. सरळ घरी जावं. हातांचं घरी बघता येतं.

मी थांबलो. आमचा क्लब नेहमीप्रमाणे हरला होता, आणि शेवटच्या गोलाच्या वेळी खाऱ्या दाण्यांची पुडी मी मुठीत चुरडली होती. स्टँडच्या खाली, तिकीटखिडकीच्या मागे, एक नळ आहे. त्याला पाणी येतं हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे, आणि त्या थोड्यांत आपण आहोत याचा मला उगाचच अभिमान होता. नळाच्या शेजारी एक दार आहे. ते कशाचं, याची चौकशी मी कधी केली नव्हती. मी हात चोळत असताना ते उघडलं आणि आतून मॅनेजर बाहेर आले.

मॅनेजर म्हणजे बँकेतले नव्हेत. माझ्या सासूबाई अजूनही असं धरून चालतात की आम्हा सगळ्यांचा हा संताप कुठल्यातरी अडकलेल्या कर्जप्रकरणावरून आहे. फुटबॉलच्या क्लबात संघ निवडणारा, डावपेच ठरवणारा आणि हरल्यावर शिव्या खाणारा जो गृहस्थ असतो, त्याला मॅनेजर म्हणतात. आमचे मॅनेजर यांतलं तिसरं काम चोख करत, पहिल्या दोनांबद्दल मतभेद होते. संघ गुणतक्त्याच्या तळाला असा लागला होता की खरवडूनही निघेना. आणखी घसरलो की खालची लीग, आणि तिथल्या मैदानांवर सामन्याआधी गुरं हाकलावी लागतात असं सगळे सांगत. त्यामुळे हंगामभर गावात एकच विषय होता: यांना काढणार कधी? हवापाणी, लग्नं, बदल्या, सगळं मागे पडलं होतं. ‘घरी जा’ या घोषणेत मीही घसा बसेपर्यंत सामील होतो.

आणि आता ते समोर उभे होते. एका हातात बॅग, दुसऱ्या बगलेत झाडाची कुंडी. घरीच निघालेले. आमच्या स्टँडमधून ते अंगठ्याएवढे दिसतात, आणि अंगठ्याएवढ्या माणसाला काहीही बोलता येतं. इथे मात्र माझ्याच वयाचा, शर्टाचं बटण चुकीच्या काजात अडकवलेला, पुऱ्या उंचीचा माणूस होता. हजारोंच्या गलक्यातून यांनी माझाच आवाज ओळखून ठेवला असणार, अशी माझी खात्री पटली. घाबरलेल्या माणसाला स्वतःविषयी फार मोठे गैरसमज होतात.

आणि घाबरल्यावर आमच्यासारख्यांचे संस्कार वर येतात. मी म्हणालो, “चाललात?”

“हो,” ते म्हणाले. मग जरा घुटमळून, “बरं, येतो मी.”

आणि मी म्हणालो, “या.”

एवढंच. पुढचं सगळं यातून झालं.

घरी गेलो तर मेहुणा आधीच येऊन बसला होता. बायकोचा धाकटा भाऊ. ‘मॅनेजर हटवा’ मंडळाचा तो संस्थापक, आणि त्या मंडळाला माझ्या घरातला सोफा फार मानवतो. चहा घेता घेता मी नळावरची भेट सांगितली. कुंडीसकट सांगितली. फक्त शेवटचा ‘या’ तेवढा गाळला. हंगामभर ज्याला ‘जा’ म्हटलं त्याला समोरासमोर ‘या’ म्हणालो, हे सोफ्यावरच्या मंडळाला सांगण्याचा मला धीर झाला नाही.

“भावजी, एक मिनिट,” मेहुणा सावरून बसला. “तुम्ही विचारलंत, चाललात? ते म्हणाले, हो?”

“हो.”

“हातात बॅग?”

“बॅग. आणि कुंडी.”

“कुंडी घेऊन कोणी दोन दिवसांसाठी जातं का, ताई, तूच सांग.”

ताईने सांगितलं की कुंडी माणूस ऊन दाखवायलाही नेतो. पण तोवर मेहुण्याचा अंगठा फोनवर, मंडळाच्या ग्रुपमध्ये, चालू झाला होता. ‘मॅनेजर गेले. खात्रीलायक. भावजींना स्वतः सांगून गेले.’

इथे माझ्या नोकरीविषयी सांगायला हवं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानांतले तराजू तपासतो, खरे असतील तर शिक्का मारतो. त्यामुळे स्टँडमध्ये माझं नावच ‘वजनमापे’ पडलं आहे, आणि वजनमापे बोलला म्हणजे तोळामासाही इकडेतिकडे नसणार, अशी माझी ख्याती आहे. ख्याती किती धोक्याची असते ते मला त्या आठवड्यात कळलं. मेहुण्याच्या बातमीवर कोणी विश्वास ठेवला नसता. माझं नाव जोडल्यावर सगळ्यांनी ठेवला. रविवारी रस्त्यात अनोळखी माणसं माझ्याशी हात मिळवत होती. केशकर्तनालयवाल्याने मला रांगेतून पुढे घेतलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे पुसत सांगितलं की हा दिवस बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मॅनेजर नेहमीच्या वेळी, नेहमीच्या फाटकातून, कुंडीसकट सरावाला हजर झाले.

मेहुणा ऑफिसात आला. माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि हळू आवाजात बोलला. तो ओरडतो तेव्हा मला काही वाटत नाही. हळू बोलला की मी टेबलावरचे कागद आवरायला लागतो.

“भावजी, नक्की काय म्हणाले ते? शब्द सांगा. शब्द.”

“‘बरं, येतो मी’ म्हणाले.”

“म्हणजे ते ‘येतो’ म्हणाले, आणि तुम्ही आम्हाला गेले म्हणून सांगितलंत.”

“निघणारा माणूस येतोच म्हणतो. तूही माझ्या घरून निघताना येतोच म्हणतोस.”

“मी परत येतो ना पण.”

येतो खरा.

संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, ‘येतो’ म्हणजे निरोप. माणूस पद सोडून गेला होता, मग मागच्या दाराने परत शिरला, तेव्हा त्याला हाकला. दुसऱ्याचं म्हणणं, ‘येतो’ म्हणजे येतो. माणूस गेलाच नव्हता, वजनमाप्याने अफवा उठवली, तेव्हा वजनमाप्याला बघा. कधी नव्हे ते दोन्ही तटांना माझा पत्ता पाठ होता.

आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. जन्मभर व्याकरण शिकवलं. जिन्यात त्यांनी मला गाठलं.

“रूप वर्तमानकाळी, अर्थ भविष्यकाळी,” ते म्हणाले. “‘जातो’ आपल्याकडे कोणी म्हणत नाही. अभद्र वाटतं. आपल्या भाषेत जिवंत माणूस कधी जात नाही, तो येतोच. जातो तो एकदाच, आणि तेव्हा सांगून जात नाही.”

“मग सर, याचा अर्थ ते गेले की आले?”

“ते वक्त्याच्या मनावर आहे. आणि,” ते कठड्यावरून खाली बघत म्हणाले, “ऐकणाऱ्याच्या प्रकृतीवर. खाली चारपाच लोक उभे आहेत. तुमच्याकडेच आले असावेत.”

मी त्या दिवशी गच्चीवरच्या टाकीजवळ बराच वेळ हवा खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. अर्धवट राहिलेलं काम होतं, टाळता येत नव्हतं. डॉक्टर हे ‘मॅनेजर राहू द्या’ गटाचे अध्यक्ष. गटात ते आणि त्यांची मदतनीस, असे दोघेच. पण माणूस खुर्चीत आडवा असला की दोघे पुष्कळ होतात.

“मोठा आ करा,” डॉक्टर म्हणाले. “क्लबाची कार्यकारिणी तुम्हाला साक्षीला बोलावणार आहे म्हणे. बोलू नका, नुसती मान हलवा. नको, मानही नको, सुई आहे. हे बघा, दर हंगामात आपण मॅनेजर काढतो आणि दर हंगामात आणखी खाली जातो. हलणारा दात लगेच उपटायचा नसतो. आधी हिरडी बघायची. पटतंय ना?”

मी घशातून जो आवाज काढला तो त्यांनी होकार धरला.

“तेव्हा सांगताना जपून सांगा. आता थोडं दुखेल.”

थोडं हे माप कुठल्या कोष्टकात बसतं ते मला कळलं नाही. मी खात्यातला माणूस आहे, पण त्याला शिक्का मारला नसता.

साक्षीची गोष्ट खरी निघाली. क्लबाच्या चिटणिसांचा फोन आला: गुरुवारी दुपारी यावं. आता सरकारी नोकराला खाजगी संस्थेपुढे साक्ष द्यायची तर वरिष्ठांची परवानगी लागते. परवानगी मिळणार नाही आणि मी सुटेन, या आशेने मी लगेच अर्ज टाकला. एरवी आमच्या साहेबांच्या टेबलावर अर्ज महिनोन्महिने मुरतात. हा त्याच दुपारी परत आला, मंजूर होऊन, आणि साहेब पाठोपाठ स्वतः आले. खुर्ची ओढून बसले. नोकरीत लागल्यापासून ते माझ्या टेबलाशी कधी बसले नव्हते.

“मी काही दबाव आणत नाही,” ते म्हणाले. “पण माझे वडील या क्लबाचा सामना बघताना गेले.”

“कुठला सामना, साहेब?”

“हरलेला,” साहेब म्हणाले आणि उठून गेले. यावरून त्यांना मॅनेजर हवेत की नकोत, हे मी अजूनही ठरवू शकलेलो नाही.

गुरुवारी क्लबाच्या कचेरीत पोचलो तेव्हा माझे पाय मला न विचारता मागे वळू बघत होते. फाटकाबाहेर मेहुणा आणि त्याचं मंडळ उभं होतं. मेहुण्याने माझी कॉलर नीट केली. “भावजी, एकच वाक्य. ‘ते सोडून चालले होते.’ बस. बाकी काही बोलू नका, तुम्हाला बाकीचं जमत नाही.”

आत लांब व्हरांडा होता आणि त्याच्या टोकाला, बंद दाराबाहेर, बाकावर मॅनेजर बसले होते. गुडघे जोडून, हात गुडघ्यांवर ठेवून, रक्ताचा रिपोर्ट यायची वाट बघत बसावं तसे. मी शेवटच्या खांबाआड थांबायचा विचार केला, पण त्यांनी मान वर केली.

“तुम्हीच ना नळावरचे?”

नाकारण्यात अर्थ नव्हता. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकलो.

“मी खरं तर त्या दिवशी सोडूनच चाललो होतो,” ते म्हणाले. “कायमचा. कपाट आवरलं, कुंडी घेतली. घरी पोचून अध्यक्षांना फोन करणार होतो. मग तुम्ही ‘या’ म्हणालात.”

“अहो, ती आपली बोलायची पद्धत.”

“असेल. पण घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज स्टँडमधला एक जण मला ‘या’ म्हणाला. तिला आधी खरंच वाटेना. मग म्हणाली, एकाने का होईना बोलावलंय, तर जायला हवं.” ते थोडं हसले. “दाराच्या आत जे आहेत, त्यांच्यापैकी कोणी महिनाभरात माझा फोन उचललेला नाही.”

आतून मला हाक आली.

क्लबाच्या अध्यक्षांचा गाद्यांचा कारखाना आहे आणि बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्यांना त्याच कारखान्याच्या गाद्या आहेत. मी बसलो आणि बसतच गेलो. थांबलो तेव्हा माझे गुडघे हनुवटीपाशी होते आणि टेबलापलीकडच्या कार्यकारिणीची मला फक्त कपाळं दिसत होती. या अवस्थेत माणसाने कितीही गंभीर साक्ष दिली तरी ती विहिरीतून दिल्यासारखी वाटते.

“घाबरू नका,” अध्यक्ष म्हणाले. त्यांचाच आवाज कापत होता. “आमची अडचण समजून घ्या. आम्हाला त्यांना काढायचं नाही. काढलं तर नवा आणावा लागेल, तो हरला की लोक विचारणार, जुन्याला काढलं कोणी? ठेवलं तर लोक आत्ताच विचारतायत, ठेवलं कोणी? परवा कोणीतरी माझ्या गाडीवर अंडी मारली. म्हणून आम्हाला त्यांना काढायचंही नाही, ठेवायचंही नाही. आम्हाला ते गेलेले हवेत. आपले आपण. तेव्हा आठवून सांगा, ते काय म्हणाले?”

एका वाक्याचं काम होतं. ‘ते सोडून चालले होते, आत्ताच बाहेर मला म्हणाले.’ शंभर टक्के खरं होतं. ते बोललो असतो तर फाटकाबाहेर लोकांनी मला खांद्यावर घेतलं असतं, मेहुण्याने जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक केलं असतं, आणि हंगामभर घसा फोडून जे मागत होतो ते माझ्याच हातून घडलं असतं. दाराला दुधी काच होती. तिच्यापलीकडे एक सावली बसलेली होती. ती उठून उभी राहिली. मग परत बसली.

आमच्या खात्यात काट्यावर दिसेल तेवढंच लिहायचं असतं. पोत्यात काय आहे ते आम्ही विचारत नाही. घाबरलेल्या माणसाला आधाराला काहीतरी लागतं, मी खात्याचा नियम धरला.

“ते म्हणाले, ‘बरं, येतो मी,’” मी विहिरीतून म्हणालो.

“आणि त्यावर तुम्ही?”

हा प्रश्न आजवर कोणीच विचारला नव्हता.

“मी... ‘या’ म्हणालो.”

एकेक कपाळ उजळत गेलं. अध्यक्ष उठून टेबलावरून वाकले. आता मला त्यांचा पूर्ण चेहरा दिसला, आणि त्यावर जो आनंद होता तो मला महागात पडणार हे दिसतच होतं.

“म्हणजे मॅनेजर निघाले होते, आणि समर्थकांनी त्यांना परत बोलावलं.”

“समर्थकांनी नाही हो, मी. तेही सभ्यपणाने.”

“चिटणीस, लिहा,” अध्यक्ष म्हणाले. “समर्थकांच्या वतीने वजनमापे खात्याच्या निरीक्षकांनी केलेल्या विनंतीला मान देऊन मॅनेजर राहत आहेत. कार्यकारिणीने त्यांना काढलेलंही नाही, ठेवलेलंही नाही. फाटकावर लावा. ठळक अक्षरांत.”

मी निषेध म्हणून उठायला गेलो. गादीने सोडलं नाही. शेवटी चिटणिसांनी आणि आणखी एका सदस्याने मला दोन्ही हातांना धरून उपसलं आणि तसंच व्हरांड्यात आणलं, आणि ते दृश्य फाटकातून पाहणाऱ्यांना सत्कारासारखं दिसलं असावं.

फाटकापाशी मेहुण्याने नोटीस दोनदा वाचली. फोन काढला आणि मला मंडळातून काढून टाकलं. माझ्यासमोर, एका अंगठ्याने. मॅनेजरांना काढायला मंडळाने अख्खा हंगाम घालवला, मला काढायला पळही घालवला नाही. त्या संध्याकाळी माझा सोफा पहिल्यांदा रिकामा होता आणि मला त्यावर बसवेना.

“अहो, तुम्ही ‘या’ म्हणालात, हे मला का नाही सांगितलंत?” बायकोने विचारलं.

“मला वाटलं, त्यात विशेष काही नाही.”

“विशेष नाही कसं? माझ्या माहेरचं कोणी निघालं की तुमच्या तोंडून तो शब्द कधी फुटत नाही.” आणि ती दाराला आतून कडी घालून आली. खालून माझ्या खात्याचा उद्धार करणारे आवाज येत होते. मुख्याध्यापक त्यातल्या व्याकरणाच्या चुका खिडकीतून दुरुस्त करत होते. त्यामुळे लोक जास्तच चिडले.

शनिवारी सामना होता. मी जाणारच नव्हतो, पण न गेलो तर लोक घरी येतील असं बायकोचं मत पडलं. स्टँडच्या दाराशी बंदोबस्तावरच्या पोलीस अधिकाऱ्याने मला ओळखलं, माझ्या जागेचा क्रमांक पाहिला, वर एक नजर टाकली आणि म्हणाला, “काका, आज तुम्ही वर नका बसू. माझी माणसं थोडी आहेत.” त्याने मला मैदानाच्या कडेला नेलं. मॅनेजरांनी काही न विचारता बाकावर सरकून जागा केली, राखीव गोलकीपर आणि स्वतः यांच्या मध्ये.

मी आयुष्यात कधी खालून स्टँड पाहिला नव्हता. वर बसलं की आपण चारपाच ओळखीचे लोक असतो, बोलतो, दाणे खातो, अधूनमधून ओरडतो. खालून तिथे माणसं दिसतच नाहीत. एक काळी भिंत दिसते आणि ती बोलते. पहिल्या चुकीच्या पासला ती उठून उभी राहिली. मग विरुद्ध संघाने गोल केला आणि घोषणा सुरू झाली. नेहमीचीच असेल म्हणून मी सवयीने कान दिला, तर शब्द बदलले होते. ‘मॅनेजर’ होतं, पण त्याच्या जोडीला ‘वजनमापे’ही होतं. चालीत चांगलं बसत होतं. पहिला आवाज कोण लावतंय ते मला पाहायची गरज नव्हती. माझ्या सोफ्यावर तयार झालेला आवाज होता तो.

मी मान खांद्यात घालून घेतली. मॅनेजर शांत बसले होते. फक्त त्यांच्या गुडघ्यावरचा हात, त्यांच्या नकळत, पँटची शिवण धरून होता.

“याची सवय होते का हो?” मी विचारलं.

मैदानावरची नजर न काढता त्यांनी विचार केला. “नाही,” ते म्हणाले. “पण आज निम्मंच आहे. निम्मं तुमच्याकडे गेलं.”

वरून काहीतरी येऊन आमच्या पायांशी पडलं. दाण्यांची पुडी होती, चुरडलेली. आम्ही दोघांनीही ती पाहिली आणि पाहिली नाही असं केलं.

“पुढच्या शनिवारी?” त्यांनी विचारलं. फार सहज विचारल्यासारखं दाखवलं, पण शिवण अजून हातात होती.

मी आता शब्दांच्या बाबतीत कमालीचा सावध झालो होतो. ‘येतो’ म्हणणं शक्यच नव्हतं. ‘नाही’ म्हणण्याइतकं धैर्य माझ्याकडे कधीच नव्हतं. तेव्हा ज्या शब्दाने आजवर कोणाचंही कसलंही काम अडकलेलं नाही आणि झालेलंही नाही, तो शब्द मी काळजीपूर्वक निवडला.

“बघू,” मी म्हणालो.

मॅनेजरांचा हात शिवणीवरून सुटला. ते मागे वळले आणि आपल्या सहायकाला म्हणाले, “यांच्या मापाचं क्लबाचं एक जाकीट मागवून ठेव.”